शेऱ्याचा रकाना

दाढ उपटून घ्यायला मी तीन दिवस तुल्चाला, जिल्ह्याच्या गावी गेले, आणि नेमकं त्याच तीन दिवसांत माझ्या सासूबाईंनी आभाळात काहीतरी पाहिलं. मी घरी असते तर पुढचा निम्मा घोळ झाला नसता. पण दाढेला कुठे कळतं.

आमचं सालचिया गाव डॅन्यूबच्या अगदी काठाला. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे दुसरा देश आणि त्या देशात लढाई. पलीकडच्या बंदरावर ड्रोन येतात, कधी वाट चुकून आमच्या बोरूच्या रानावरूनही जातात. सायलेन्सर फुटलेल्या मोपेडसारखा आवाज करतात म्हणून गावात त्यांना मोपेडच म्हणतात. ते आले की सगळ्यांचे फोन एकदम किंचाळतात आणि निरोप येतो: आसऱ्याला जा. आसरा म्हणजे चर्चपाशी क्रेनने आणून ठेवलेली काँक्रीटची खोली. एरवी तिच्यात शेळ्या बसतात.

माझ्या सासूबाई ग्लिकेरिया गेली एकतीस वर्षं नदी मोजतात. धक्क्याशेजारी पाण्यात एक उभी मोजपट्टी रोवली आहे, काळ्या-पांढऱ्या खुणांची. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तिच्यापाशी जायचं, आकडा बघायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा. पातळी, वारा, हिवाळ्यात बर्फ, आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. आठवड्याचं पान भरलं की मी त्याचा फोनवर फोटो काढून जिल्ह्याच्या कार्यालयाला पाठवते. पगार इतका की त्यात कोंबड्यांचा दाणाही पुरा होत नाही. पण सासूबाईंना विचाराल तर नदी त्यांच्या आकड्यांवरच वाहते.

मी परत आल्यावर नेहमीसारखा त्या आठवड्याच्या पानाचा फोटो काढला आणि गाल सुजलेला असल्यामुळे न वाचताच पाठवून दिला. त्या पानावर हे होतं:

“१४ जून. पातळी १८७. वारा मंद. शेरा: ५ वाजून ४८ मिनिटांनी पलीकडून एक राखाडी वस्तू आली. दाराएवढी. पंख हलत नव्हते. मोपेडचा आवाज. पॉप्लरच्या झाडांच्या ओळीवरून गेली. तिच्यामागे एक पांढरा गोळा, कलिंगडाएवढा. आवाज नाही. धक्क्यासमोर पाण्यावर थांबला. मी वीसपर्यंत मोजलं. पाणी हललं नाही. मग तो नव्हता.”

कार्यालयात हशा पिकला असणार. कारण त्या दिवशी ड्रोन आले होते ते पावणेसातच्या सुमाराला. फोनही तेव्हाच किंचाळले होते. त्याच्या तासभर आधी आभाळात चिटपाखरू नव्हतं असं रडार सांगत होतं. त्यातून तो गोळा. कुणीतरी सासूबाईंच्या कागदांवरचा नातेवाइकांचा नंबर शोधला आणि कॉन्स्टँत्सा शहरात माझ्या नणंदेला फोन लावला. नणंदेनं मला लावला.

“वहिनी, खरं सांग. आईचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

मी दुसऱ्यांदा टाके दाखवायला डॉक्टरकडे बसले होते. तोंडात कापसाचा बोळा. म्हणाले, “हल्ली थोडं इकडचं तिकडे होतं गं.”

खरं म्हणजे आदल्या आठवड्यात त्यांनी माझा चष्मा स्वतःचा समजून लावला होता आणि सगळं धूसर दिसतं म्हणून चष्मेवाल्याला शिव्या घातल्या होत्या. एवढंच. पण तोंडात कापूस असला की माणूस लांबलचक खरं बोलत नाही, आखूड काहीतरी बोलून मोकळं होतं.

चार दिवसांनी नणंद, ओलिंपिया, बोटीतून उतरली. हातात रिकामी मोठी बॅग, म्हणजे ती भरून न्यायला आली होती हे अख्ख्या धक्क्याला कळलं. तिच्यामागून नारिंगी जाकीट घातलेला, चाळिशीचा, घामाघूम झालेला एक माणूस उतरला. त्याचं नाव कासियान. आभाळात दिसलेल्या वस्तूंची चौकशी करायला एक समिती नेमली होती, तिचा तो माणूस. पाण्याला इतका भ्याला होता की जमिनीवर आल्यावरही त्यानं जाकीट काढलं नाही.

धक्क्यावरच्या खानावळीचा त्रोफिम बाहेरच उभा होता. “ग्लिकेरियाबाई, तो गोळा पन्नास पावलं पुढे येऊन थांबला असता तर काय बिघडलं असतं? परग्रहावरची माणसं झाली म्हणून त्यांना तहान लागत नाही?”

“गोळा नव्हे, देवदूत होता तो,” पाद्रीबाबांची बायको म्हणाली. “तुझ्या खानावळीत कशाला मरायला येईल?”

“देवदूत असता तर पंख मोजले असते मी,” सासूबाई म्हणाल्या.

“मग तो उडता सखा असेल!” त्रोफिम काही सोडेना. “एकट्या बायकांकडे जळत जळत येतो म्हणतात ना, तो.”

“त्याला चाळीस वर्षं उशीर झाला. आणि आला तरी आधी पाय पुसायला लावीन.”

सगळे हसले. ओलिंपिया हसली नाही. तिनं आईच्या कोपराला धरलं, जसं दवाखान्यात धरतात तसं. सासूबाईंनी तो हात बघितला आणि चालायला लागल्या.

स्वयंपाकघरात मी माशांचं आंबट सूप वाढलं. कासियाननं टेबलावर एक छापील कागद पसरला. त्यावर नाना तऱ्हेच्या ड्रोनची चित्रं, फुगे, ग्रह, पक्षी.

“यातलं कुठलं पाहिलंत, बाई?”

सासूबाईंनी एका राखाडी तिकोनी चित्रावर चमच्याची दांडी ठेवली. “हे पहिलं.”

“आणि दुसरं?”

“दुसरं यात नाही.”

“शुक्र असू शकतो. पहाटे शुक्र फार तेजस्वी दिसतो.”

“शुक्र मी साठ वर्षं बघतेय. तो कधी पाण्यावर उतरला नाही. सूप प्या, गार होतंय.”

कासियान दोन चमचे प्याला. मग घसा साफ करून म्हणाला, “बाई, राग मानू नका. पाच अठ्ठेचाळीसला आभाळात काहीच नव्हतं. लोकांचं ऐकून मागाहून लिहिलं असेल तर तसं सांगा. माणसाकडून होतं असं.”

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका शांत झाला की मला भीती वाटली.

“मी मागाहून लिहीत नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही. माझा मुलगा गेला ना, त्या सकाळची सहाची नोंदसुद्धा सहालाच आहे.”

तो मुलगा म्हणजे माझा नवरा, निकिफोर. अकरा वर्षं झाली. फेब्रुवारी होता, पहाटे त्याचं हृदय बंद पडलं, आणि त्याला आत तसाच ठेवून या बाई कोट चढवून बर्फावरून मोजपट्टीकडे गेल्या. किती महिने मी त्यांना माफ केलं नव्हतं. नंतर एकदा ते पान पाहिलं. आकडा बरोबर होता, पण पेन इतकं दाबलं होतं की खालच्या तीन पानांवर उमटलं होतं.

“झालं का, साहेब?” ओलिंपिया उठली. “तुम्ही काय ते लिहा. मी हिला घेऊन जातेय. इथे डोक्यावर ड्रोन, आणि हिच्या डोक्यात गोळे. वहिनी, तिचे कपडे काढ. तीनची बोट आहे.”

“दोनची,” सासूबाई म्हणाल्या.

“काय?”

“बोट दोनची आहे.”

“बघा!” ओलिंपियाचा आवाज चिरकला. “उभा जन्म जी बोट डोळ्यांसमोरून गेली तिची वेळ सांगता येत नाही हिला. अजून काय पुरावा पाहिजे?”

कासियान सुपाकडे बघत बसला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. आणि मी हातात पाव घेऊन उभी होते, आणि माझी नजर भिंतीवर गेली.

आमच्या घरात दोन घड्याळं आहेत. एक चुलीवरचं आणि एक दारापाशी, सासूबाईंचं. एकवीस वर्षं मी त्या घरात आहे. दोन घड्याळं आहेत हे मला दिसेनासंच झालं होतं, जसा नवऱ्याचा घोरण्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. चुलीवरच्या घड्याळात पावणेएक. दारापाशी पावणेबारा.

उन्हाळा लागला की सरकार सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे ढकलतं, थंडी आली की मागे आणतं. पण दारापाशीचं, मोजपट्टीचं घड्याळ कुणी ढकलत नाही. नदीला काय कळतंय उन्हाळी वेळ.

मी पाव टाकला आणि रजिस्टर उचललं. पान नाही, पुठ्ठा उघडला. पुठ्ठ्याच्या आत पिवळा पडलेला छापील कागद चिकटवलेला होता, सूचनांचा. तिसरी सूचना: सर्व वेळा वर्षभर हिवाळी वेळेनुसार लिहाव्यात.

“वाचा,” मी कासियानला म्हणाले. “तुमच्याच जिल्ह्याचा कागद आहे.”

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. बोटांवर मोजलं. एवढ्याशा बेरजेला बोटं कशाला लागावीत, पण लागली. मग फोनमध्ये काहीतरी उघडलं आणि पहिल्यांदा त्यानं जाकिटाची चेन खाली ओढली.

“सहा अठ्ठेचाळीस! रडारवर सहा सत्तेचाळीसला एक आहे. पॉप्लरच्या बाजूनंच. बाई, अहो, सगळा गाव आसऱ्यात होता. अख्ख्या काठावर त्याला डोळ्यांनी पाहिलेल्या तुम्ही एकट्या आहात!” आणि मग, जरा रागानंच, “हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“मला वेळ कुणी विचारली? ‘वेळ चुकली’ एवढंच म्हणत होतात सगळे. माझी वेळ चुकत नाही.”

ओलिंपिया खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं टेबलावरच्या फडक्यानं पुसलं.

मला वाटलं, सुटलो. पण कासियाननं रजिस्टर आपल्याकडे फिरवलं आणि पेन काढलं.

“आता एकच करू या. तो गोळा. तेवढी वाक्यं काढून टाकू. नुसता ड्रोन राहिला तर मी आत्ता सही करतो: साक्षीदार विश्वासार्ह, नोंद ग्राह्य. गोळा राहिला तर अख्खं पान दुसऱ्या ढिगात जातं. त्या ढिगात उडत्या तबकड्या आहेत, बाई. तो कुणी वाचत नाही. आणि तुम्ही विश्वासार्ह म्हणून सही मला करता येणार नाही.”

“खोड गं आई,” ओलिंपिया हळूच म्हणाली. “एक रेघ. साहेब लिहून देतायत तू शहाणी आहेस म्हणून. मग मी पण ती बॅग उचलते आणि जाते. पुन्हा हा विषय काढणार नाही. एक रेघ मार.”

मीही मनात तेच म्हणत होते, खोटं कशाला सांगू. एका रेघेत घर, नदी, कोंबड्या, सगळं जागच्या जागी राहणार होतं. गोळ्याचं काय एवढं?

सासूबाईंनी त्या वाक्यांवर बोट ठेवलं.

“मी वीसपर्यंत मोजलं,” त्या म्हणाल्या. “एक, दोन, तीन करत. वीसपर्यंत मोजलेलं नव्हतंच असं कसं म्हणू?”

“पण तो होता काय?”

“ते मला माहीत नाही. मी लिहिलंय का काय होता ते? पहिल्याला तरी मी ड्रोन म्हटलंय? ते तुम्ही म्हणताय.”

“बाई, तुमच्याच भल्याचं—”

“नाही.”

“बरं, मग तुम्ही नका मारू. मी मारतो.” कासियाननं पेनाचं टोपण काढलं आणि रजिस्टर ओढलं.

फाडकन आवाज झाला. ओलिंपियानं त्याच्या मनगटावर फटका मारला होता. पेन सुपात पडलं.

“हात काढा! दुसऱ्याच्या रजिस्टरात रेघ मारताय?” ती कॉन्स्टँत्सात औषधाच्या दुकानात आहे, वीस वर्षं झाली. “माझ्या दुकानात झोपेच्या गोळ्यांचं रजिस्टर असतं. त्यात कुणी परक्यानं टिंब जरी दिलं ना, तर मी आधी दुकानाला कुलूप लावते आणि मग पोलिसांना बोलावते. शिकलात कुठे तुम्ही?”

“पण आत्ता तुम्हीच तर म्हणत होतात खोडा म्हणून!”

“तिला म्हणत होते. तिनं खोडलं तर ती खोडेल. तिचं अक्षर आहे ते. तुमचं नाही.”

कासियाननं सुपातून पेन काढलं, रुमालाला पुसलं. मग पानाचा फोटो घेतला, जसं होतं तसं. आपल्या कागदावर लिहिलं: पहिली वस्तू जुळते. दुसरी जुळत नाही. साक्षीदार ठाम. ‘ठाम’ हा शब्द त्यानं दोनदा गिरवला, पण पेनात सूप गेल्यामुळे असेल. ‘विश्वासार्ह’च्या जागी सही नाही केली. मी त्याला आणखी एक वाटी वाढली. माणूस वाईट नव्हता.

तो बोटीची वाट बघायला त्रोफिमकडे गेला आणि आम्ही तिघी राहिलो.

“म्हणजे खरंच होतं ते,” ओलिंपिया म्हणाली. “तुझ्या डोक्यावरून गेलं. स्फोटकं भरलेलं.”

“जरा बाजूनं. पॉप्लरवरून.”

“मग तर चलच तू माझ्याबरोबर!”

“सकाळी वेडी होते म्हणून चल. आता शहाणी आहे म्हणून चल. पोरी, आधी कारण ठरव आणि मग बॅग भर.”

“तुला चेष्टा सुचतेय. फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो, कळतंय? तुझ्या त्या गोळ्यापेक्षा मोठा.”

सासूबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. पण ‘येते’ म्हणाल्या नाहीत. मला कळलं की आता मी गप्प बसले तर या दोघी संध्याकाळपर्यंत अशाच बसतील, आणि तीनच्या बोटीला कुणीतरी कुणाला तरी ओढत नेईल.

“ओलिंपिया,” मी म्हणाले, “फोनवर मी बोलले ते खरं नव्हतं. इकडचं तिकडे यांचं होत नाही. माझं झालं होतं. आई, मी हिला सांगितलं होतं की तुम्ही हल्ली—”

“माहीत आहे. धक्क्यावरून येताना हिनं सांगितलं.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“तुझ्या तोंडात कापूस होता ना,” सासूबाई म्हणाल्या, जणू तेवढ्यानं सगळं भागतं.

माझा गाल पुन्हा दुखायला लागला. मी ओलिंपियाकडे वळले. “यांना मी नेऊ देणार नाही. कपडेही काढणार नाही. तुझी अट काय ती सांग.”

इतक्या वर्षांत मी तिच्याशी असं बोलले नव्हते. तिनं नाक ओढलं. “फोन वाजला की ती आसऱ्यात. त्याच मिनिटाला. मोजपट्टीपाशी नाही, धक्क्यावर नाही. आसऱ्यात.”

“आणि नोंद?” सासूबाई म्हणाल्या.

“खड्ड्यात गेली नोंद!”

“खड्ड्यात कशी जाईल? एकतीस वर्षं—”

“नोंद मी घेईन,” मी म्हणाले. “फोन वाजला तर मी जाईन. मी पळू शकते. आकडा वाचायला अर्धं मिनिट लागतं.”

“म्हणजे तिच्याऐवजी तू मर. छान!” ओलिंपिया म्हणाली.

“माझी काळजी करायची तर रोज फोन कर. पण यांना इथून नेलंस तर या महिन्याभरात जातील, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. मला ड्रोनची भीती वाटते. पण त्याची जास्त वाटते.”

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. शेवटी ओलिंपियानं फडकं टेबलावर आपटलं आणि म्हणाली, “रजिस्टर आण. तोंडी नको मला. लिहून.”

पुठ्ठ्याच्या आतच, सूचनांच्या खाली, दोन ओळी आहेत. निरीक्षक: ग्लिकेरिया. मदतनीस निरीक्षक: निकिफोर. त्याचं अक्षर, उजवीकडे कललेलं, घाईघाईचं. अकरा वर्षांत ती ओळ कुणी बदलली नव्हती. मी पेन घेतलं आणि थांबले. मला वाटलं, नवीन नाव लिहायचं तर जुन्यावर रेघ मारायला लागेल.

“खोडायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “खाली लिही. जागा आहे.”

मी लिहिलं: साफ्ता. माझं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं आहे, हे तो जिवंत असताना कबूल करत नसे.

तीनच्या बोटीनं ओलिंपिया गेली. बोट सुटताना ओरडून म्हणाली, “त्याच मिनिटाला, आई!” आणि सासूबाईंनी इतक्या गोड चेहऱ्यानं मान हलवली की मला अजिबात खरं वाटलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी फोन किंचाळला. चुलीवरच्या घड्याळात सहा बावन्न, दारापाशी पाच बावन्न. सासूबाईंच्या एका पायात बूट आला होता. मी दारात आडवी उभी राहिले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी दुसरा बूट घातला, आणि शेळ्यांना शिव्या देत चर्चकडे गेल्या. जाताना तीनदा वळून ओरडल्या: लाटेचा वरचा आकडा घेऊ नकोस, मधला घे!

मी धक्क्यावर गेले. पलीकडे बंदराच्या मागे धूर होता. कुठूनतरी मोपेडचा आवाज येत होता, लांबून, मग नव्हता. सहा वाजले तशी ओणवी झाले. लाट वर गेली, खाली आली, मी मधला घेतला. १७९. मग मान वर करून आभाळ पाहिलं आणि घरी पळत आले.

धोका टळल्याचा निरोप आला तेव्हा त्या परतल्या, अंगाला शेळ्यांचा वास. चष्मा लावला, स्वतःचाच, आणि रजिस्टर पुढे ओढलं. पातळी बघून नुसतं हं म्हणाल्या. मग बोट शेऱ्यावर आलं. तिथे मी लिहिलं होतं: काही नाही.

“काही नाही, हे तुला कुणी सांगितलं?”

“आई, मी पाहिलं ना. नव्हतं काही.”

“किती वेळ पाहिलंस?”

“दहापर्यंत मोजलं असेल.”

“मग तेवढं लिही. बाकीचं तुला काय ठाऊक?”

मी पेन उचललं आणि ‘काही नाही’वर नेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन खालच्या ओळीवर आणलं आणि लिहिलं: दहापर्यंत मोजलं. दिसलं नाही.

“आता चहा ठेव,” त्या म्हणाल्या.